विब्केच्या रेणूचे पाय

विब्के हार्म्स आमच्या रसायन विभागात आली, तेव्हा महिनाभर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. उत्तरेकडची, समुद्रकाठची पोरगी. चहात खडीसाखर टाकायची, वर साय सोडायची आणि ढवळायची मात्र नाही. मी म्हटलं, "अगं, ढवळ की!" तर म्हणे, "क्नॉर, तुम्ही काच फुंका हो. चहातलं तुम्हाला काय कळतंय?" तेव्हापासून आमची गट्टी जमली. मी विभागाचा काचकाम करणारा. फुंकून झालं की उरलेलं तोंड भांडायला वापरतो.

तिचं काम रेणू घडवण्याचं. धातूवर रेणू सहज चिकटतो, पण त्यातली वीज धातूत पळून जाते. म्हणून या मंडळींना तो कॅल्साइटच्या स्फटिकावर बसवायचा होता, कारण त्यातून वीज वाहत नाही. पण तिथं तो बसतोय कुठला! सगळे रेणू घसरत जाऊन एका कडेला गठ्ठा करून पडायचे. ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं काम तिच्या सोबतच्या लोरेन्झचं. रोज तोंड पाडून यायचा बिचारा. त्याची डॉक्टरेट त्या घसरगुंडीवरच अडली होती.

एका दुपारी माझ्याच खोलीत केक खाता खाता विब्के म्हणाली, "आपण रेणूचा एकच पाय, म्हणजे चिकटणारं टोक, जास्त चिकट करत बसलोय. दोन पाय देऊन बघू या. स्फटिकातल्या कॅल्शियमच्या दोन अणूंमध्ये जेवढं अंतर, तेवढंच दोन पायांत."

लोरेन्झचा घास हातातच राहिला. मग त्याने तिला उचलूनच घेतलं. "विब्के, वाचवलंस गं मला!" हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि रेणू बसला, अगदी शहाण्यासारखा रांगेत. विब्केचा स्वतःचा प्रबंधही याच कल्पनेवर उभा राहायचा होता. दुसरं होतं काय तिच्याकडे?

आमच्याकडे कुणी डॉक्टर झाला, की सोबती त्याला पुठ्ठ्याची टोपी करून घालतात, वर त्याच्या कामाची थट्टा डकवून. लोरेन्झची टोपी विब्केने हौसेने करायला घेतली. वर पांढरा चौथरा, त्याला दोन भोकं, आणि त्यांत पाय रोवून उभा काचेचा रेणू. काच माझी. जीव ओतला होता मी त्यात.

तोंडी परीक्षेला आम्ही दोघं मागे बसलो होतो. लोरेन्झ म्हणाला, "तेव्हा मला सुचलं, की याला दोन पाय द्यावेत." मला सुचलं म्हणे! शेवटी आभारात विब्केचं नाव आलं, "रेणू बनवून दिल्याबद्दल," माझ्या नावाच्या खाली. शोधनिबंधही असाच छापायला गेलाय, हे त्याने हसत सांगितलं. माझं डोकं सणकलं. उठणार होतो, पण विब्केने बाही धरली.

"आता मी हेच लिहिलं, तर लोक म्हणणार मी त्याचं चोरलं," ती पुटपुटली.

परीक्षक आत चर्चा करत होते, तेवढ्यात मी लोरेन्झला बाहेर गाठलं. "लाज नाही वाटत रे?"

"अहो क्नॉर, सगळेच बोलत होतो ना तेव्हा? आधी कुणाला सुचलं, कोण सांगणार?"

"मी सांगतो!"

"तुम्ही काच फुंका हो."

चर्चा संपवून दोघांच्या मार्गदर्शक प्रोफेसरबाई बाहेर आल्या, तसा त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, "निबंध गेलाय आता. आजच्या दिवशी नको." झालं.

खोलीत परतलो तर विब्के टोपी पुढ्यात घेऊन बसलेली. रेणूचे दोन्ही पाय तिने मोडून काढले होते.

"अगं, हे काय केलंस?"

"पाय माझे आहेत," ती म्हणाली. आणि मग हमसून रडली.

लोरेन्झ पास झाला आणि अंगणात वाइनच्या बाटल्या उघडल्या. टाचा उंचावून विब्केनेच टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. तो फोटोसाठी वाकला, रेणू घसरला आणि फरशीवर त्याचा चुरा झाला. आमच्यात आनंदाच्या दिवशी असं काही फुटलं की शुभ मानतात. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

लोरेन्झने खाली बघितलं. "याचे पाय कुठे गेले?"

"तुला सुचले होते ना? तूच शोध."

क्षणभर त्याचा चेहरा उतरला. पण लोक खो खो हसत सुटले, तसा तोही हसला आणि तिच्या खांद्यावर हात टाकला. "हिची मदत नसती तर काही खरं नव्हतं!" तो फोटो अजून विभागात लावलेला आहे. त्यात विब्केची एक मूठ घट्ट मिटलेली दिसते.

पुढच्या वर्षी तिनेही प्रबंध दिला. मी तो मुद्दाम मागून घेतला. जिथे दोन पायांची गोष्ट येते, तिथे नियमाप्रमाणे आधी छापलेल्याचं नाव द्यावं लागतं. तिने लोरेन्झचं नाव दिलं होतं.