खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या प्लेट्स

आधीच सांगते, असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आले. झूऑलॉजी शिकवते ना, लातूरला!

तेव्हा गल्लोगल्ली क्लासेसचे बोर्ड लागत होते आणि मी कॉलेजच्या लॅबमध्ये पीएच.डी.साठी अळ्या सांभाळत होते. अगदी बारीक, डोळ्याला धड न दिसणाऱ्या. त्यांना मिठावर उपाशी ठेवलं की त्या शिकतात — मीठ म्हणजे भूक — आणि मग मिठापासून पळतात. निकोटिन दिलं की शिकण्याला लागणाऱ्या डोपामिन या रसायनाचं गणित बिघडून हा धडा कच्चा राहतो, असा माझा अंदाज होता.

पण अळ्या ठेवायच्या काचेच्या प्लेट्सपैकी निकोटिन नसलेल्या साध्या प्लेट्सही बिघडायला लागल्या... सगळ्या नाही, खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्याच. तिथल्या अळ्या खुशाल मिठाकडे जायच्या!

माझा संशय थेट शेवंताबाईंवर. लॅब झाडायच्या, भूकंपात घर गेल्यापासून रेणापूरला भावाकडे राहायच्या. मिश्री लावायच्या — म्हणजे भाजलेला तंबाखूच की! — आणि दुपारी त्याच कोपऱ्यात डबा खायच्या.

"बाई, खरं सांगा, प्लेटला हात लावता ना?"

"न्हाई ओ म्याडम. त्या किड्यास्नी मी कशापायी हात लावू?"

मला काही पटलं नाही. तक्रार लिहून दिली. आठवड्यात बाईंचं काम गेलं.

मग कोपरा स्पिरिटनं पुसला, टेबल बदललं, किल्ली माझ्या पर्समध्ये. तरी पंधरा दिवसांनी तेच! त्याच बॅचच्या दाराजवळच्या अळ्या मिठापासून पळायच्या, कोपऱ्यातल्या नाही. पाणी तपासलं, प्लेटमधली आगारची जेली तपासली, गाईडवरसुद्धा संशय घेतला. हाती काही लागलं नाही.

शेवटी लाज गुंडाळून रेणापूर गाठलं. बाईंनी चहा दिला. मीच विचारलं, "त्या कोपऱ्यात बसून तुम्ही करायचात तरी काय?"

"जेवायची. पयला घास लेकीचा काढून ठिवायची. भूकंपाच्या राती रुसून उपाशीच झोपली व्हती माझी लेक... उठलीच न्हाई."

ज्या कोपऱ्यात उपाशी लेकीसाठी रोज घास पडायचा, तिथेच माझ्या अळ्या भुकेचा धडा विसरत होत्या. मला मान वर करवेना. दुसऱ्याच दिवशी तक्रार मागे घेतली, पण बाईंच्या जागेवर दुसरा माणूस घेऊन झाला होता. याचा सल आजही आहे.

प्रबंधातून त्या प्लेट्स मी वगळल्या. कारण सापडलं नाही, एवढंच लिहिलं. अजूनही सापडलेलं नाही.

फक्त आता त्याच लॅबमध्ये शिकवताना दुपारी डबा उघडला की पहिला घास मी त्या कोपऱ्यात ठेवते. कुणी विचारलंच तर सांगते, मुंग्यांसाठी.