आपोआप पास झालेलं सोयाबीन

"सर, तपासायच्या लॉटची लिस्ट रिकामी है," सुजाता मॅडम माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या.

"मंग चांगलंच है की. काम संपलं."

"काम अजून सुरूच न्हाई केलं. सगळे लॉट पास दिसून राह्यलेत. माझ्या नावानं."

मी हातातला चहा खाली ठेवला. तो मग तसाच राहिला.

तेव्हा मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होतो. विभाग म्हणजे मी आणि एक पंखा. सुजाता मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. प्रत्येक लॉटमधले थोडे दाणे त्या ओल्या कागदात गुंडाळून उबेच्या कपाटात ठेवायच्या आणि काही दिवसांनी कोंब मोजायच्या. कोंब पुरेसे असले तर लॉट पास, नाही तर नापास. तो निकाल त्या कॉम्प्युटरवर टाकायच्या. पास दिसल्याशिवाय गोडाऊनमधून पोतं हलत नसे.

मुख्य कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, पुण्यात. मॅडमच्या टेबलावरच्या पीसीवर एक काळी स्क्रीन उघडायची, तिच्यातून पुण्याशी बोलायचं. मध्ये फायरवॉल नावाचा पहारेकरी. काही मिनिटं इकडून काही टाइप झालं नाही की तो समजायचा, माणूस गेला, आणि लाईन तोडायचा. मॅडम पलीकडच्या खोलीत कोंब मोजायला गेल्या की परत येईस्तोवर लाईन तुटलेली. पुन्हा लॉगिन, पुन्हा पासवर्ड, तेही ओल्या हातांनी.

त्यांनी दोनदा तक्रार केली. मी दोनदा "बघतो" म्हणालो. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या मशिनीपेक्षा पाटी-पेन्सिल बरी होती. ती निदान मी जेवायला गेले म्हणून रुसत नव्हती."

हे मला लागलं.

या दुखण्याचं औषध तयार होतं. लाईन जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एक चौकोन होता, त्यात शून्य लिहिलेलं. शून्याच्या जागी सेकंदांचा आकडा घातला की सॉफ्टवेअर अधूनमधून एक रिकामं पाकीट पुण्याला पाठवतं. त्यात काहीच नसतं. फक्त 'मी आहे' एवढं कळतं. पहारेकरी खूश, लाईन शाबूत.

तो चौकोन मी उघडून पाहिला नाही. कारण माझ्याकडे स्वतःचा शोध होता. दर दोन-चार मिनिटांनी आपणहून एंटर दाबणारा छोटासा प्रोग्राम मी लिहिला होता. माझ्या पीसीवर तो कित्येक दिवस चालला होता. मी नुसत्या काळ्या स्क्रीनवर काम करायचो. तिथं रिकामा एंटर दाबला तर ओळ खाली सरकते, बाकी काही होत नाही. लाईन एकदाही तुटली नव्हती. मी स्वतःवर फार खूश होतो.

मॅडमच्या स्क्रीनवर मात्र निकाल भरायचा फॉर्म असायचा. तोही मीच लिहिलेला. बहुतेक लॉट पासच होतात, उगाच कशाला टाइप करायला लावा, म्हणून निकालाच्या जागी मी आधीच 'पास' भरून ठेवलं होतं. एंटर दाबला की लॉट पास आणि पुढचा लॉट समोर. हा फॉर्म आणि तो प्रोग्राम, दोन्ही एकाच डोक्यातून निघालेले. पण त्या डोक्याला ते एकत्र आठवले नाहीत.

रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी तो प्रोग्राम मॅडमच्या पीसीवर चढवला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे जांबला निघालो. हंगामाची धावपळ सुरू व्हायच्या आधी समर्थांच्या गावी दर्शनाला जायचं, असा कंपनीचा पहिल्यापासूनचा रिवाज. फक्त गोडाऊन चालू राहायचं.

सकाळी ऑफिसातून निघताना मॅडम पीसी बंद करायला लागल्या. मी म्हणालो, "राहू द्या हो. आता तुटत न्हाई लाईन."

जांबला मी दर्शन घेतलं, प्रसाद दोनदा घेतला आणि माझ्या प्रोग्रामची महती दिसेल त्याला सांगितली. इकडे जालन्यात, रिकाम्या खोलीत, एकेक लॉट पास होत होता. गोडाऊनवाल्यांनी पास बघितलं आणि गाड्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी लिस्ट रिकामी दिसली तशा मॅडमनी राहिलेल्या सगळ्या गुंडाळ्या उघडल्या. सोयाबीनचा एक लॉट साफ नापास निघाला. निम्मे दाणेसुद्धा उगवले नव्हते. मी मॅनेजर ढोबळे साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली.

"दुकानदारांना फोन लावा. माल परत बोलवा. आणि एक ध्यानात ठेवा, बी खराब है असं कोणी म्हणायचं न्हाई. बदलून देतो, एवढंच म्हणायचं."

बाकी ठिकाणची पोती उतरलीही नव्हती, ती परत आली. टेंभुर्णीच्या दुकानदाराने मात्र माल विकून टाकला होता. मागच्या साली याच वाणाची टंचाई होती, म्हणून लोकांनी पेरणीच्या कितीतरी आधीच बॅगा नेल्या होत्या. मी आणि मॅडम नव्या बॅगा घेऊन जीपने टेंभुर्णीला गेलो.

"बदलून देतो," मी दुकानाच्या ओट्यावर उभा राहून सांगितलं.

लिंबाजीराव नावाचे एक वयस्क शेतकरी पुढे बसले होते. ते हसले. "कंपनी कधी बदलून देती का साहेब? भाव चढला असंल. आमचं चांगलं बी न्यायचं आन् ब्लॅकमधी विकायचं. बराबर ना?"

लोकांना ते पटलं. मलाही क्षणभर पटलं, इतकं ते बरोबर बसत होतं. तासाभरात गावातल्या बॅगा दिसेनाशा झाल्या. ज्याला विचारावं तो म्हणे, "आपुन घेतलंच न्हाई बी."

शेवटी मॅडम लिंबाजीरावांच्या शेजारी जाऊन बसल्या. "काका, ते उगवणार न्हाई. मी सोता मोजलंय. पेरू नका."

लिंबाजीराव गंभीर झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, ह्या बाई म्हनून राह्यल्या बी खराब है. तुमी म्हंता नुसतं बदलून देतो. खरं काय?"

सगळा ओटा माझ्याकडे बघत होता. मॅडमही.

"तसं काही न्हाई," मी म्हणालो. "कंपनीची स्कीम है."

काही जणांनी मॅडमचं ऐकून बॅगा आणून दिल्या. लिंबाजीरावांनी साहेबाचं, म्हणजे माझं, ऐकलं आणि बॅग ठेवून घेतली.

पावसाळ्यात ते जालन्याला आले. तेच बी पेरलं होतं, रान मोकळं दिसत होतं, म्हणाले. दुबार पेरायला त्यांना बी दिलं, पण तोवर पावसाने दडी मारली आणि ओल उडून गेली. तेही गेलं. ऑफिसात ते माझ्याशी भांडले नाहीत. "तवा एक शब्द खरा बोलला असता," एवढं म्हणाले आणि सुजाता मॅडम कुठं बसतात ते विचारलं.

पुण्याहून चौकशी आली. मी एंटरच्या प्रोग्रामबद्दल सगळं सांगितलं, चालवूनही दाखवला. चौकशीला आलेल्या साहेबांनी तो कौतुकाने बघितला.

"प्रोग्राम तुमचा, मान्य. पण लॉगिन कोणाचं? आणि गावात जाऊन मालाची बदनामी कोणी केली?"

दोन्हीचं उत्तर एकच होतं. मॅडमना काढलं. मला समज दिली आणि लाईनचा प्रश्न कायमचा सोडवायला सांगितलं. मी सेटिंग उघडलं, चौकोनातलं शून्य खोडलं, आकडा घातला. चहा यायच्या आत काम झालं.

जाताना मॅडम टेबल आवरत होत्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"राहू द्या सर," त्या म्हणाल्या. "नवीन बाई येईल तिच्या खुर्चीत एकदा बसून बघा फक्त."

पुढच्या नोकऱ्यांत मी प्रत्येक प्रोग्राम वापरणाऱ्याच्या खुर्चीत बसून तपासला. लोक म्हणायचे, हा फार काटेकोर माणूस. जालन्यात त्या जागेवर नवीन बाई आल्या आणि लाईन पुन्हा कधी तुटली नाही.