गोठण्याआधीचं पाणी

इटलीतल्या त्रिएस्ते शहराच्या माथ्यावरच्या त्या गावात लिव्हिओ गर्गिच नेमकं काय करतो, हे कुणालाच धड सांगता येत नसे. गावाबाहेरच्या प्रयोगशाळेत तो केसाहून बारीक पाण्याची धार निर्वात पेटीत सोडायचा. तिथं पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊनही काही काळ पाणीच राहतं आणि मग एकदम गोठतं. त्या ‘एकदम’च्या पोटात काय घडतं, ते त्याला क्ष-किरणांच्या निमिषाहून कितीतरी छोट्या झोतांनी टिपायचं होतं.

“म्हणजे तू बर्फ करतोस,” शेजारचा स्टांको म्हणायचा.

“करत नाही. होताना बघतो.”

“बघून झालं की सांग. आम्ही इथंच आहोत.”

कित्येक अर्ज केल्यावर क्ष-किरणांचं सामाईक यंत्र एकदाचं आठवडाभरासाठी त्याच्या वाट्याला आलं, ते नेमकं त्याच्या लग्नाच्या आठवड्यात. नवरी म्हणजे बेकरीवाली नेवेंका. दोघंही पन्नाशीला टेकलेली.

“लग्न जरा पुढं ढकलायचं का?” लिव्हिओनं बेकरीत जाऊन चाचरत विचारलं.

नेवेंकानं पाव रचणं थांबवलं नाही. “इतकी वर्षं मी थांबले. आता ढकलायचंच असेल तर पाण्याला ढकल.”

आठवडाभर कधी नळीचं तोंड तुंबलं, कधी धारेखाली बर्फाचा सुळका वाढत थेट नळीला भिडला. शनिवारी, लग्नाच्या सकाळी, तर यंत्रच बंद पडलं. लिव्हिओला मनातून हायसं वाटलं आणि त्याची त्याला लाजही वाटली. लग्नाला तो वेळेवर पोचला.

स्टांकोच्या अंगणात जेवणं चालू असताना लिव्हिओचा फोन वाजला. यंत्रापाशी थांबलेली त्याची सहकारी आनेग्रेट बोलत होती. त्यानं ऐकून घेतलं, फोन पालथा ठेवला आणि ताटातलं हॅम कापायला लागला.

“काय झालं?” नेवेंकानं विचारलं.

“कुठं काय?”

“एवढे बारीक तुकडे कुणाला भरवायचेत?”

“झोत परत आलाय,” तो ताटाकडे बघत म्हणाला. “पुन्हा कधी जाईल, सांगता येत नाही.”

नेवेंकानं तोंड पुसलं. “चल मग. मीही येते. लग्नाच्या जेवणातून नवरा पळाला, असं गावाला म्हणू द्यायचं नाही मला.”

डॉक्टरांनी दारू बंद केल्यामुळे एकटा स्टांकोच शुद्धीत होता. त्यानं दोघांना आपल्या टेम्पोतून नेलं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं लिव्हिओचं ओळखपत्र पाहिलं, मग नेवेंकाचा पांढरा झगा पाहिला आणि पुढं काही विचारलं नाही.

दुपार कलली तेव्हा कुठं पडद्यावरच्या रेघेला डावीकडे बारीकसा उंचवटा दिसू लागला. लिव्हिओनं त्यावर बोट ठेवलं.

“दिसलं का?”

“काय?”

“हे. अजून पाणीच आहे, पण आतली रचना बदलायला लागलीय.”

नेवेंका पडद्याला नाक लावून वाकली. “एवढंसं?”

“एवढंच.”

“बरं. आता मला खुर्ची दे. बूट चावतायत.”

त्यानं खुर्ची दिली, आनेग्रेटनं स्वतःच्या चपला दिल्या. नवरीनं मागं बसून टेम्पोतून आणलेलं हॅम तिघांत वाटलं.

तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या शंका फेडता फेडता शोधनिबंध छापून यायला दोन वर्षं गेली. आला त्या दिवशी लिव्हिओ तो घेऊन बेकरीत आला. स्टांको पाव घ्यायला आलेलाच होता. त्यानं पानं चाळली, लेखकांच्या लांबलचक यादीत लिव्हिओचं नाव हुडकलं आणि साळसूदपणे विचारलं, “पण याचा उपयोग काय?”

लिव्हिओनं स्टूल ओढलं. ते पाहून नेवेंकानं दुकानाच्या दारावरची पाटी ‘बंद’कडे फिरवली आणि कॉफी ठेवायला आत गेली.