फिलिपिनोचा एकच धडा

आमचे मामा अनोळखी परदेशी माणसाला नमस्कार करत नसत. तो कुठल्या देशाचा आहे, हे त्यालाच सांगत. म्हैसूरच्या गोकुलममध्ये योगासनं शिकायला जगभरातून लोक येतात. त्यातला एखादा गोरा शहाळं पीत उभा दिसला, की मामा स्कूटर थांबवायचे, त्याच्याकडे बोट करायचे आणि ठणकावून म्हणायचे, "अलेमान!" अलेमान म्हणजे फिलिपिनो भाषेत जर्मन. तो जर्मन असला तर दचकायचा आणि नसला तर नुसताच घाबरायचा. शहाळंवाल्यानं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, की मामांना पोलिसात नोकरी लागली काय?

हे सगळं सुरू झालं ते विद्यामुळं. विद्या मामांची एकुलती एक. मामी लवकर गेल्या, तेव्हा मामांनीच तिला वाढवलं. त्यापायी वेण्या घालायलासुद्धा शिकले. ती मनिलाला नोकरीला गेली आणि वर्षभरात म्हणाली, की इथल्याच रॅमनशी लग्न करायचंय. मामा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आठवडाभर जेवले मात्र कमी. त्या लोकांत अशी रीत आहे, की मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी येऊन तिला मागायचं. रॅमनची आई त्यासाठी म्हैसूरला येणार होती, आणि तिला उत्तर तिच्याच भाषेत द्यायचं, असं मामांनी ठरवलं.

"अहो, त्यांना इंग्रजी येतं," मी म्हणालो.

"इंग्रजीत मुलगी देतात काय रे? चार पिढ्यांमागं आपण इथं आलो, तेव्हा कन्नड शिकलोच की नाही? आता आणखी एक भाषा, अष्टे, एवढंच!"

गुरू घरातच मिळाली. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी जोसी फिलिपिन्सचीच. मामांनी पहिल्याच दिवशी तिची जोशीबाई केली आणि गोत्र विचारलं. रोज सकाळी योगासनं आटोपून ती खाली यायची, चार इडल्या खायची आणि शिकवायची. पहिला धडा देशोदेशीच्या माणसांचा. पुरुष असेल तर अमेरिकानो, बाई असेल तर अमेरिकाना. पिलिपिनो, पिलिपिना. रशियन पुरुष रूसो आणि बाई रूसा. "बरोबर आहे," मामा म्हणाले, "तुझी मामीपण अशीच रुसायची." जपानी माणूस म्हणजे हापोन. माणसाच्या नावाआधी 'सि' लावायचं. आणि 'आय' म्हणजे आहे, हे कळल्यावर तर मामांना राहवेना. "बघ, मराठीच आहे ही! मधला 'ह' तेवढा समुद्रात पडला. गोत्तायता, कळलं ना?"

गाडी अडली ती आपल्या लोकांपाशी. जोशीबाई म्हणाली, आमच्या गावात सगळ्या भारतीयांना 'बुंबाय' म्हणतात. म्हणजे मुंबईवाले.

मामा इडली ठेवून उठले. "मी मुंबई बघितलेली नाही! इथले लोक मला मराठी म्हणतात, पुण्याचे पाहुणे मद्रासी म्हणतात, आता तुम्ही मुंबईवाला करा. ज्याला त्याला मला दुसऱ्याच गावचा करायचंय." दोन दिवस शिकवणी बंद राहिली. तिसऱ्या दिवशी मामांनी तह केला: मी 'मैसुरानो' म्हणणार. असा शब्द नाही, असं जोशीबाईनं परोपरीनं सांगितलं. मामा म्हणाले, "आजपासून आहे."

दुसरा धडा व्हायच्या आत तिचा योगाचा वर्ग संपला आणि ती मायदेशी गेली. त्यामुळं मामांना फिलिपिनोत 'पाणी' म्हणता येत नव्हतं, 'या, बसा' म्हणता येत नव्हतं. जगातला कोण माणूस कुठला, एवढंच सांगता येत होतं.

रॅमन आणि विद्याला घेऊन विहीणबाई आल्या, त्या दुपारी मी तिथंच होतो. दारातच त्या हसून म्हणाल्या, "मगान्दांग हापोन पो!" मामांनी त्यांच्या पाठीमागं डोकावून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "जपानी कोण आलाय रे?" 'हापोन' म्हणजे दुपारसुद्धा, हे विद्यानं त्यांच्या कानात सांगितलं तेव्हा मामा जोशीबाईवर भयंकर चिडले.

चिरोटी झाली, कॉफी झाली. मग विहीणबाईंनी कप खाली ठेवला आणि अतिशय सुंदर इंग्रजीत विचारलं, की तुमची मुलगी आमच्या घरी द्याल का? त्या इंग्रजीच्याच शिक्षिका निघाल्या. रॅमन मान खाली घालून बसला होता. विद्या मामांकडे बघत होती. मला वाटलं, आता नाही म्हणतात.

मग मामा उभे राहिले, शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसे. छातीवर हात ठेवून म्हणाले, "अको आय बुंबाय." मी बुंबाय आहे. मी थक्क झालो. मग रॅमनकडे वळून म्हणाले, "सि रॅमन आय पिलिपिनो." विद्याला हसू आवरेना, विहीणबाईही पदर नसताना तोंडाला हात लावून हसल्या. मामांनी विद्याकडे पाहिलं. "सि विद्या आय..." म्हणाले आणि थांबले. आम्हांला वाटलं, शब्द विसरले.

"...पिलिपिना."

विद्याचं हसू तिथंच थांबलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. विहीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

मामांनी घाबरून माझा दंड धरला. "काय रे, चुकलं काय? बाईमाणूस आहे, शेवटी 'ना'च यायला पाहिजे ना?"

"बरोबर आहे, मामा. काही चुकलं नाही."

"मग झालं," मामा खाली बसत म्हणाले. "हे एक वाक्य मला परत म्हणता आलं नसतं."