चांदवडच्या पुढे लागलेला वारा

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता असं म्हणत नाहीये... आजही नाही. मी नाशिकजवळ एकलहऱ्याला पॉवर स्टेशनमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, आता रिटायर झालोय. मोटर का फिरत नाही हे शोधण्यातच नोकरी गेली. सप्लाय नसेल तर मोटर फिरत नाही, यापलीकडे आमच्या कामात तत्त्वज्ञान नव्हतं. इथे ग्रुपवर लोकांचे अनुभव वाचतो, बहुतेकांवर मनातल्या मनात शेराही मारतो. माझ्यावरही खुशाल मारा.

२००३ च्या मे महिन्यातली गोष्ट. आदल्या डिसेंबरात मी एक सेकंडहँड गाडी घेतली होती. पांढरी, एसीवाली. एसीवाली म्हणजे नावापुरती, कारण ब्लोअर चालत नव्हता. ब्लोअर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला पंखा. एसी असो नाहीतर हीटर, वारा तोच पुढे ढकलतो. विकणारा म्हणाला, "किरकोळ काम आहे, फ्यूज गेला असेल." घरी आणल्यावर फ्यूज पाहिला, तो चांगला होता. बटण चारही नंबरांवर फिरवून पाहिलं, आतून हूं नाही की चूं नाही. थंडीचे दिवस होते, म्हटलं बघू नंतर. मार्चमध्ये स्टेशनच्या एका युनिटचं ओव्हरहॉलिंग निघालं. एप्रिलमध्येही बघू नंतर. दुसऱ्यांच्या मोटर्स दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गाडीचं असंच होतं.

आई मालेगावला एकटी राहायची, आमच्या जुन्या घरात. वय बहात्तर. हृदय कमजोर झालं होतं, पायांवर सूज यायची, आडवं झालं की दम लागायचा. धाकटी बहीण शोभा नाशिकलाच गंगापूर रोडला असते, ती आठ दिवस आईकडे राहायला गेली होती. सकाळी तिचा फोन आला, "दादा, आईचं काही खरं दिसत नाही. इथले डॉक्टर म्हणतात नाशिकला हलवा." अँब्युलन्स मिळायला दुपार होणार होती. मी गाडी घेऊन निघालो.

परत निघायला साडेअकरा झाले. आईला आडवं होता येत नव्हतं म्हणून तिला पुढे बसवलं, सीट थोडी मागे कलती केली. शोभा मागे. हायवेला तेव्हा ट्रकांची रांग लागलेली असायची. काच उघडली की धूळ आणि धूर आत, आणि आईला खोकल्याची उबळ. काच लावली की भट्टी. उमराण्याच्या आसपास आई म्हणाली, "वारा लाव ना रे भाऊ... जीव घाबरी ऱ्हायना." ती आमच्याशी अहिराणीतच बोलायची, मला भाऊ म्हणायची.

मी म्हणालो, "आई, तो बंद आहे."

थोड्या वेळाने तिने परत तेच म्हटलं. मग परत. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "बिघडलाय म्हटलं ना. किती वेळा सांगू?"

मागून शोभा नुसतं "दादा" म्हणाली. आई गप्प झाली. मी ट्रकला ओव्हरटेक करत होतो.

चांदवडचा घाट उतरून आम्ही वडाळीभोईच्या जवळ आलो होतो. गिअरवरच्या माझ्या डाव्या हाताला वारा लागला. गार. एसीचा असतो तसा कोरडा बोचरा नाही, पहाटे दार उघडल्यावर येतो तसा. मी काचा पाहिल्या, चारही बंद. मधल्या जाळीतून वारा येत होता. बटण शून्यावर होतं. मी त्याला हात लावला नव्हता, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

आईच्या कपाळावरचे केस मागे उडत होते. तिने डोळे मिटलेलेच ठेवले आणि म्हणाली, "नीट करी टाकं ना तू? आते बरं शे."

दुरुस्त करून घेतलास ना, आता बरं वाटतंय, असं ती म्हणत होती. मी "हो" म्हणालो.

पिंपळगाव येईपर्यंत वारा चालू होता. मधेच आई पुटपुटली, पाय गार पडले म्हणून. शोभाने मागून वाकून स्वतःची ओढणी तिच्या पायांवर टाकली. त्यानंतर आई काही बोलली नाही. आम्हाला वाटलं झोप लागली. वारा कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नाही. नाशिकला हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आणलं, डॉक्टरांनी तिथेच पाहिलं आणि मान हलवली.

पुढचं सगळं रीतसर झालं. जे करायला सांगितलं ते मी करत गेलो. लोक येत होते, रडत होते. मला काहीच होत नव्हतं. दहाव्याला कावळा शिवला तेव्हा शोभा हुंदके देत होती आणि मी विचार करत होतो की वायरिंगमध्ये कुठेतरी लूज कनेक्शन असणार. घाटात गाडीला गचका बसला, टर्मिनल टेकलं, पंखा फिरला. परत गचका बसला, सुटलं. असं होतं. मी शंभरदा पाहिलंय.

त्या दिवसांत मी गाडीत जाऊन बटण फिरवून पाहायचो. हूं नाही की चूं नाही.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रफिकभाईंकडे नेली. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ त्यांचं छोटं गॅरेज होतं, गाड्यांच्या वायरिंगचं आणि एसीचं काम करायचे. मूळचे मालेगावचेच, साठीच्या पुढचे. माझं मुंडन पाहून त्यांनी विचारलं, "कोण?"

"आई."

त्यांनी क्षणभर हात छातीवर ठेवला. मग बॉनेट उघडलं.

मी म्हणालो, "लूज कनेक्शन असेल. पंधरा दिवसांपूर्वी अर्धा-पाऊण तास चालला होता."

"मग सोपं हाय," ते म्हणाले.

टेस्ट लॅम्प घेऊन त्यांनी फ्यूजपासून सुरुवात केली. फ्यूजवर सप्लाय होता. बटणावर होता. बटणातून पुढे जात होता. मग पुढच्या डाव्या सीटसमोरचा सामान ठेवायचा कप्पा काढला, कारण त्याच्या मागे ब्लोअर बसवलेला असतो. आईच्या गुडघ्यांच्या बरोबर समोर. ते टॉर्च घेऊन खाली वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"साहेब, तुम्ही बघा जरा."

मी वाकून पाहिलं. मोटरचा प्लग जोडलेलाच नव्हता. वायर मागे वळवून काळ्या टेपने बांधून ठेवली होती. कोणातरी जुन्या मालकाने कंटाळून काढून ठेवली असावी. टेपवर धुळीचा थर. तो थर कुठेही मोडलेला नव्हता.

"गचक्याने हे जोडलं जाईल?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"नाय."

त्यांनी मोटरला बॅटरीवरून थेट सप्लाय दिला. हलली नाही. तीन स्क्रू काढून ती खाली उतरवली. शाफ्ट गंजून जाम, पान्याने धरूनही फिरेना. आतलं तारांचं वाइंडिंग जळून काळं पडलेलं. पंख्याच्या पात्यांमध्ये आणि वरच्या नळीत उंदराचं जुनं घरटं होतं. सीटच्या फोमचे तुकडे, वाळकं गवत, शेंगांची टरफलं. नळी गच्च भरली होती. रफिकभाईंनी स्क्रूड्रायव्हरने उकरून ते सगळं वर्तमानपत्रावर काढलं.

मी म्हणालो, "गाडी पळताना बाहेरची हवा आपोआप आत येते ना? पंखा बंद असला तरी?"

"येते. पण नळी मोकळी पायजे. आन् मे महिन्यात दुपारी ती गरमच येणार, साहेब." त्यांनी हात पुसले. "हा चाललेला नाय. दोन-तीन वर्षं तरी नाय. तुम्ही तर ह्याच लाइनचे."

मी त्याच लाइनचा होतो. मी ती मोटर हातात घेतली, परत फिरवून पाहिली, वाइंडिंगचा वास घेतला. लॅम्प घेऊन सगळे पॉइंट मी स्वतः पुन्हा तपासले. त्यांनी तपासू दिलं. आमच्याकडे ब्रेकडाउन झाला की कारण लिहिल्याशिवाय फाइल बंद होत नसे. इथे कारण मशीन का बंद आहे याचं मिळत होतं, आणि ते पक्कं होतं. मला हवं होतं ते दुसरं.

शेवटी त्यांनी विचारलं, "चालला तेव्हा गाडीत कोण होतं?"

मी सांगितलं. ते नवी मोटर आणायला निघून गेले. त्या विषयावर नंतर कधीच बोलले नाहीत.

संध्याकाळपर्यंत ब्लोअर चालू झाला. चारही नंबरांवर. एसीही गार. मी पुढच्या डाव्या सीटवर बसून तोंड जाळीपुढे धरलं. नव्या प्लॅस्टिकचा वास येत होता. वाट पाहिली की आता काहीतरी होईल. काही झालं नाही. गाडी घेऊन घरी आलो.

शोभा ही गोष्ट सगळ्यांना सांगायची. वर्षश्राद्धाला, लग्नांत, मावशीकडे. "दादाने एसी लावला ना, म्हणून शेवटी आईला गार वाटलं. माझी ओढणी घातली मी तिच्या पायांवर." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी मान खाली घालायचो.

सहा वर्षांनी, गाडी विकली त्या आठवड्यात, मी तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. सुटा प्लग, टेप, घरटं. मी आईवर खेकसलो होतो तेही बोललो, जरी ते तिने ऐकलंच होतं. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"पण मला वारा लागला रे, दादा. मागे बसून लागला."

"मलाही."

"मग कोणी लावला?"

"माहीत नाही."

तिने परत एक जुडी हातात घेतली. मग म्हणाली, "आईला वाटलं तू लावलास."

"हो."

"मग तिला तेच वाटू दे."

तिने निवडलेली भाजी उचलली आणि आत गेली. मी हॉलमध्ये बसून राहिलो. थोड्या वेळाने आतून नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ चालू होता. त्यानंतर शोभाने ती गोष्ट कोणाला सांगितलेली मी ऐकली नाही, म्हणून आज मी सांगितली. कारणाच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे अजून काही नाही.