स्रेदोयेचा चौथा सिलिंडर

बनातच्या सपाट मुलखात डोंगर नाही, तसं आमच्या गावात स्रेदोये मिस्त्रीपेक्षा उंच कुणी नाही. निदान स्रेदोयेचं मत तरी असंच होतं.

त्याच्याकडे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजायचं घड्याळ होतं. निळ्या मखमलीच्या पेटीत निजायचं; त्याच्या बायकोला उभ्या जन्मात तशी उशी मिळाली नाही. कुणाचा ट्रक असो की हार्वेस्टर, हा नोझल काढायचा, त्या भोकात घड्याळ बसवायचा, डिझेल बंद करून सेल्फ मारायला लावायचा आणि काटा बघून मान हलवायचा. "रिंगा गेल्या. भंगारात घाल." एका सिलिंडरात दहाव्या हिश्श्याने दाब कमी दिसला की निकाल लागला, त्याच्या दरबारात अपील नव्हतं. गोरीत्साच्या नवऱ्याचा, वुकाशिनचा ट्रक त्याने असाच मोडीत काढायला लावला. ती आता विधवा. बीट वाहायला ट्रक शोधत होती.

आणि स्रेदोयेचा स्वतःचा ट्रक? चार वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीपुढे उभा. शेवटी त्याची बायको देसांका भडकली. "हे बघ, मित्रोव्दानच्या सणापर्यंत एक तर हा जाईल, नाहीतर तू. भरदुपारी दिवा लावून कांदा चिरते मी!"

"अगं, सोन्यासारखं इंजिन आहे."

"मग बँकेत ठेव."

ट्रक घेता का म्हणून त्याने गोरीत्साला निरोप धाडला. तिचा उलट निरोप आला : रविवारी चर्च सुटलं की येते. दुसरा मिस्त्री आणत नाही. तुमच्याच घड्याळाने, माझ्यासमोर मोजा.

शनिवारी त्याने फाटक लावून मोजून पाहिलं. पाच सिलिंडर अठ्ठाविसाच्या आसपास, चौथा सतरा. दुसऱ्याचं इंजिन असतं तर एव्हाना श्रद्धांजली वाहून मोकळा झाला असता. इथे मात्र त्याला दया आली. चौथ्यात चमचाभर ऑइल सोडलं. झिजलेल्या रिंगांच्या फटी बुजल्या, काटा चोविसावर गेला. एका चमच्याला चोवीस, तर...

रविवारी गोरीत्साचा ट्रॅक्टर फाटकाशी वाजला, तेव्हा स्रेदोयेने कॉफीचं भांडं भरून ऑइल त्या भोकात ओतलं. पिस्टनच्या डोक्यावर जागा असते कपभर. हवा दाबली तर दबते. ऑइल कुणाच्या बापाला दबत नाही. हे तो बाकीच्यांना पंचवीस वर्षं ऐकवत आला होता.

देसांकाने घरच्या दारूचा, राकियाचा पेला पुढे केला. गोरीत्साने तो तसाच कठड्यावर ठेवला. "आधी काम. चौथ्यापासून सुरू करा, मिस्त्री. आमच्या वुकाशिनचाही चौथाच गेला होता ना?"

स्रेदोयेने घड्याळ बसवलं, देसांकाने केबिनमध्ये चढून सेल्फ मारला. इंजिनाने एक आचका दिला, धाडकन आवाज झाला, आणि सगळं गप्प. काटा थेट शेवटच्या आकड्यावर जाऊन चिकटला.

"सत्तर!" गोरीत्सा म्हणाली. "रणगाड्यालासुद्धा एवढा दाब नसेल हो!"

"नीट... नीट राखलंय, वहिनी."

तिने रविवारचे कपडे-बिपडे न सांभाळता पाना घेतला आणि घड्याळ सैल केलं. ऑइलची चिळकांडी मिस्त्रीच्या चर्चच्या सदऱ्यावर. घड्याळ बाहेर आलं तरी काटा सत्तरावरच. कुंपणापलीकडे चर्चहून परतणारी मंडळी थबकली होती.

"हे दुसऱ्याचं इंजिन असतं," गोरीत्साने विचारलं, "तर काय सांगितलं असतंत?"

स्रेदोये सदऱ्यावरचं ऑइल पुसू लागला.

"बोल की," देसांकाने केबिनमधून डोकं काढलं. "पाठ आहे तुला!"

"रिंगा गेल्या," तो पुटपुटला. "भंगारात घाल."

"झालं तर. भंगाराच्याच भावात नेते." तिने साखळी अडकवली. आता राकिया एका घोटात संपवली आणि ट्रॅक्टर चालू केला.

ट्रक करकरत फाटकाबाहेर निघाला. मोडकं घड्याळ छातीशी धरून स्रेदोये मागे धावत होता, "हळू, वहिनी, हळू! बाकीचे पाच अजून नव्यासारखे आहेत!"