आधी तुम्ही बसा

लेकराला घेऊन कुणी दवाखान्यात आलं की शमीम आपा लेकराकडे बघायच्याच नाहीत. बापाला म्हणायच्या, "आधी तुम्ही बसा. आ करा."

बाप गडबडायचा. "अहो, दात ह्याचा दुखतोय."

"माहीत हाय मला. पण घाबरून तुम्ही राहिले."

मग तो मिशीवाला, धिप्पाड माणूस खुर्चीच्या दोन्ही मुठी घट्ट धरून आणि डोळे मिटून आ करायचा. त्याची ती अवस्था बघून पोरगं खुदकन हसायचं आणि पुढचं काम सोपं व्हायचं.

नांदेडमध्ये मी दातांचा दवाखाना टाकला तेव्हापासून आपा माझ्या मदतनीस. शिक्षण सातवी. मी लहान मुलांच्या दातांची खास पदवी घेऊन आलेली, तिची फ्रेम भिंतीवर टांगलेली. आपा ती फ्रेम रोज पुसायच्या आणि मला रोज काहीतरी नवं शिकवायच्या. एखादी आई "रडलास तर डॉक्टर सुई टोचतील" म्हणाली, की आपा तिला दंडाला धरून बाहेरच्या बाकावर बसवून यायच्या. "अजिबात दुखणार नाही" हे माझं लाडकं वाक्यही त्यांना खपायचं नाही.

"झूट कायकू बोलायचं, मॅडम? एकदा पकडलं की पोराची बत्तिशी बंद."

मी पांडित्य पाजळलं, "आपा, लहान मुलांना वीसच दात असतात."

"वीस तर वीस. बंद ते बंदच ना?"

मी पुढच्या पोराला आत बोलावलं.

गेल्या वर्षी आपा लातूरला लेकीकडे राहायला गेल्या. त्यांचा विषय निघाला की मला मुदखेडकडची साक्षी आठवते. सहा वर्षांची पोर, गाल टम्म सुजलेला, अंगात ताप, दोन दिवस पोटात अन्न नाही. दाढेत पू साचला होता. त्याच दिवशी तो बाहेर काढला नसता तर सूज गळ्याकडे उतरायची भीती होती.

यंत्रांना मुलांच्या ओळखीची नावं द्यावीत, असं मी कॉलेजात शिकले होते. म्हणून पाणी उडवणाऱ्या यंत्राकडे बोट करून लाडात म्हणाले, "दाताला कीड लागलीय ना? आपण नुसता फवारा मारू या हं!"

साक्षी जी किंचाळली! दोन्ही हातांनी तोंड झाकून ती खुर्चीवरून उतरली आणि पार भिंतीला जाऊन टेकली. मी आणखी गोड आवाज काढला, "छोटुसा फवारा, बाळा!" तशी ती थरथर कापायला लागली. आता मात्र माझाच धीर सुटला.

आपा तिच्याशेजारी फरशीवर जाऊन बसल्या. तिचे हात नीट निरखले. मग म्हणाल्या, "तोंड तर सगळेच झाकतेत. तू नाक कामून दाबून राहिली?"

बोटांच्या फटीतून आवाज आला, "फवाऱ्यापाशी थांबायचं न्हाई. इख असतंय. अण्णा म्हणतेत."

अण्णा म्हणजे तिला घेऊन आलेले वडील. ते खाली बघत म्हणाले, "कपाशीवर फवारतानी लेकरं जवळ येतेत वो. म्याच दम भरलेला हाय."

कीड आणि फवारा. त्या घरात या शब्दांचा एकच अर्थ होता, विष. आणि तेच विष मी पोरीच्या तोंडात मारायला निघाले होते, वर हसून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आपांनी पाण्याची नळी उचलली, आपल्याच तोंडात धार उडवली आणि घोट गिळला. "विष्णुपुरी धरणाचं पाणी हाय. इख न्हाई." मग मला पाजलं, अण्णांना पाजलं. अण्णांचा सदरा भिजला. साक्षीनं नाकावरचा हात काढला.

"दुखंल?" तिनं विचारलं.

मी सवयीनं तोंड उघडलं, पण आपांनी असं पाहिलं की लगेच मिटलं.

"हाव, दुखंल," आपा म्हणाल्या. "दाढेला भोक पाडून घाण काढायची हाय. थोडं दुखंल, मग हलकं वाटंल. तू हात वर केला की मॅडम थांबतेत. न्हाई थांबल्या तर मी त्यांनाच बाहेर काढते."

साक्षी खुर्चीवर चढली. यंत्र सुरू झालं की हात वर. मी थांबले. पुन्हा सुरू, पुन्हा हात. असं पाच वेळा झालं. दुखत होतं म्हणून नव्हे, मी खरंच थांबते का, हे ती बघत होती. सहाव्या वेळी तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण हात मांडीवरच राहिला. पू बाहेर आला.

चूळ भरून ती खाली उतरली. अण्णांनी तिला जवळ घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "लई दुखलं का गं?"

"दुखलं," ती आपांकडे बोट करून म्हणाली. "पण ह्यांनी सांगितलं तेवढंच."